नवे सीटी स्कॅन यंत्र रुग्णालयात रुळते कसे

सोलापुरात सीटी स्कॅनसाठी रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक हल्ली खिडकीवर नाव नोंदवण्याआधीच विचारतात, "मशीन किती स्लाइसचं आहे?" स्लाइस म्हणजे शरीराचा छेद; यंत्र एका फेरीत असे किती छेद देते, तो हा आकडा. हा शब्द घरोघरी पोहोचला तो करोनाच्या साथीत. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने छातीच्या एचआरसीटीचे, म्हणजे बारीक छेदांच्या सीटी स्कॅनचे, कमाल दर ठरवून दिले, ते यंत्राच्या स्लाइसनुसारच: १६ पेक्षा कमी स्लाइसच्या यंत्रावर दोन हजार रुपये, १६ ते ६४ स्लाइससाठी अडीच हजार आणि ६४ पेक्षा अधिक स्लाइससाठी तीन हजार. तेव्हापासून स्लाइसचा आकडा म्हणजे यंत्राचा कस, असे लोकांच्या मनात पक्के बसले. त्यात तथ्य आहे, पण ते निम्मेच. रेडिऑलॉजिस्ट म्हणून काम करताना १६ स्लाइसच्या जुन्या यंत्रावर मन लावून केलेल्या स्कॅनमधून अचूक निदान झालेले मी पाहिले आहे, आणि त्याहून कितीतरी महागड्या यंत्रावर घाईने केलेला स्कॅन दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा लागलेलाही पाहिला आहे. यंत्र रुग्णालयात बसवणे आणि ते रोजच्या कामात रुळणे या दोन गोष्टींमध्ये नेमके काय असते, ते या लेखात सांगायचे आहे. त्यासाठी आधी यंत्र काय करते ते समजून घ्यायला हवे.

क्ष-किरणांचा शोध विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये लावला. साध्या एक्स-रेत शरीराची सावली पडते, आणि सावलीत पुढचे-मागचे सगळे एकावर एक येते: बरगडी, हृदय, फुप्फुस, पाठीचा मणका. सीटी स्कॅन या सावल्या अनेक कोनांतून घेतो आणि गणिताने त्यांची उकल करतो. ही उकल कशी होते ते एका लहान कोड्यावरून कळेल. चार घरांचा एक चौकोन डोळ्यांसमोर आणावा. वरच्या ओळीत १ आणि ४, खालच्या ओळीत ३ आणि २ असे आकडे आहेत, पण ते झाकलेले आहेत आणि आपल्याला फक्त बेरजा सांगितल्या जातात. आडव्या ओळींच्या बेरजा ५ आणि ५, उभ्या ओळींच्या ४ आणि ६. एवढ्यावरून आकडे ओळखता येत नाहीत, कारण वर २ आणि ३, खालीही २ आणि ३ मांडले तरी बेरजा त्याच येतात. मात्र तिरप्या बेरजाही मिळाल्या, एका कर्णावर ३ आणि दुसऱ्यावर ७, की एकच उत्तर उरते. क्ष-किरणांचा बारीक झोत शरीरातून आरपार जातो तेव्हा वाटेतल्या ऊती त्याचा काही भाग शोषून घेतात, आणि पलीकडे किती किरण पोहोचले यावरून त्या वाटेवरच्या शोषणाची बेरीज कळते. यंत्र रुग्णाभोवती फिरत अशा असंख्य बेरजा गोळा करते आणि संगणक प्रत्येक घराचा आकडा शोधून काढतो. आजच्या एका छेदात, म्हणजे स्लाइसमध्ये, साधारणपणे ५१२ गुणिले ५१२, म्हणजे २,६२,१४४ घरे असतात.

हे गणित यंत्रात प्रथम उतरवले ब्रिटनमधील ईएमआय कंपनीचे अभियंते गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांनी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या एका महिलेचा पहिला स्कॅन झाला. तेव्हाच्या चित्रात ८० गुणिले ८० एवढीच घरे होती आणि एकेका फेरीला काही मिनिटे लागत. याच गणिताचा पाया स्वतंत्रपणे मांडणारे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन कॉरमॅक आणि हाउन्सफिल्ड यांना १९७९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. प्रत्येक घरात येणाऱ्या आकड्याला आजही हाउन्सफिल्ड एकक म्हणतात. पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे १०००, चरबीचा साधारण उणे १००, मेंदूचा अधिक ३० ते ४०, ताज्या गोठलेल्या रक्ताचा ६० ते ८०, आणि टणक हाडाचा हजारावर.

हे आकडे हजारोंच्या पट्ट्यात पसरलेले असतात, पण करड्या रंगाच्या इतक्या छटा माणसाच्या डोळ्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत. म्हणून पडद्यावर एका वेळी त्यांतला ठरावीक पट्टाच दाखवला जातो; त्याला आम्ही 'विंडो' म्हणतो. मेंदूच्या विंडोत कवटी नुसती पांढरी फटक दिसते आणि तिला गेलेली बारीक भेग त्या पांढऱ्यात हरवते; तोच छेद हाडाच्या विंडोत उघडला की भेग दिसते. रुग्णाच्या हाती जी फिल्म पडते तिच्यावर निवडक छेद आणि निवडक विंडो छापलेल्या असतात, संपूर्ण स्कॅन नसतो. संपूर्ण स्कॅन सीडीत किंवा रुग्णालयाच्या संगणकात असतो. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला जाताना लोक फिल्म नेतात आणि सीडी घरी राहते, तेव्हा त्या डॉक्टरांपुढे निम्मी माहितीही पोहोचत नाही.

आता स्लाइसकडे वळू. पूर्वी यंत्र एक फेरी मारून थांबे, टेबल थोडे पुढे सरके, मग पुढची फेरी. १९८० च्या दशकाच्या अखेरीस टेबल सरकत असतानाच अखंड फिरणारे यंत्र आले, त्यामुळे किरणांची वाट शरीराभोवती मळसूत्रासारखी झाली. १९९८ च्या सुमारास एका फेरीत चार छेद देणारी यंत्रे आली आणि २००४ च्या सुमारास ६४. याचा अर्थ असा, की किरण झेलणाऱ्या संवेदकांच्या ६४ ओळी शेजारी शेजारी असतात. एक ओळ ०.६२५ मिलिमीटर रुंदीची धरली तर एका फेरीत ४ सेंटिमीटर भाग टिपला जातो. जाहिरातीतला आकडा आणि प्रत्यक्ष ओळींची संख्या नेहमी एकच असते असे मात्र नाही. १२८ स्लाइस म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांत ओळी ६४ च असतात आणि प्रत्येक ओळीतून दोन छेद काढले जातात. ते फसवणुकीत मोडत नाही, पण यंत्र घेणाऱ्याने ओळी किती आणि एका फेरीला वेळ किती, हे दोन्ही विचारले पाहिजे.

वेगाचा खरा कस लागतो हृदयाच्या स्कॅनमध्ये, आणि तंत्र रुळणे म्हणजे काय हेही तिथेच स्पष्ट होते. हृदय सतत हलते. त्याच्या रक्तवाहिन्या काही मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्यांतला अडथळा पाहायचा तर हृदय सर्वांत कमी हलते त्या क्षणीच चित्र घ्यावे लागते. दोन ठोक्यांच्या मध्ये असा शांत क्षण येतो. ठोके मिनिटाला ६० असतील तर तो पुरेसा लांब असतो, ९० असतील तर जवळजवळ उरतच नाही. एक चित्र बनवायला यंत्राला साधारण अर्धी फेरी लागते, फेरी ०.३५ सेकंदाची असेल तर सुमारे १७५ मिलिसेकंद. म्हणून रुग्ण आला की प्रथम नाडी पाहायची, ठोके जास्त असतील तर ते कमी करणारी गोळी द्यायची, आणि ती देण्याआधी दम्याचा त्रास आहे का हे विचारायचे, कारण दम्याच्या रुग्णाला ही गोळी घातक ठरू शकते. मग तासभर थांबायचे. हा तासभर थांबण्याचा भाग गर्दीच्या दिवशी सर्वांत आधी गळतो.

त्यानंतर सुई. हृदयाच्या स्कॅनला आयोडीनयुक्त औषध, ज्याला लोक 'डाय' म्हणतात, सेकंदाला ५ मिलिलिटर या वेगाने शिरेत सोडावे लागते. त्यासाठी कोपराच्या खोबणीतल्या मोठ्या शिरेत हिरव्या टोपीची १८ नंबरची सुई हवी. वॉर्डातून येणाऱ्या रुग्णाच्या हाताच्या पंज्यावर सलाइनसाठी लावलेली निळी, २२ नंबरची बारीक सुई असते. तिच्यातून त्या वेगाने औषध सोडले तर शीर फुटून औषध कातडीखाली पसरू शकते आणि हात सुजतो. वेग कमी केला तर रक्तवाहिनीत औषध विरळ होते आणि चित्र फिके येते. वॉर्डातल्या सिस्टरना हे आधी माहीत असेल तर योग्य सुई वरूनच लागून येते, रुग्णाला दुसऱ्यांदा टोचावे लागत नाही आणि दहा-पंधरा मिनिटे वाचतात. कोट्यवधींच्या यंत्राने काढलेल्या चित्राचा दर्जा असा सुईच्या टोपीच्या रंगावर ठरतो.

काही वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात जात असे, तिथे असे यंत्र बसले. कंपनीचा प्रशिक्षक आठवडाभर राहिला, तेवढ्यात हृदयाचे दोन स्कॅन झाले. पुढे त्याच्याकडून शिकलेला तंत्रज्ञ नोकरी सोडून पुण्याला गेला आणि नंतर दीड वर्ष त्या यंत्रावर फक्त डोके, छाती आणि पोट यांचेच स्कॅन होत राहिले. हृदयाच्या स्कॅनसाठी लागणाऱ्या सोयीचे पैसे रुग्णालयाने भरलेले होते, पण तिला हात लावायचे धाडस कोणी करत नव्हते. मीही पुरेसा आग्रह धरला नाही, याची खंत मला आहे. हृदयाचा सीटी स्कॅन योग्य रुग्णात किती उपयोगी आहे, हे स्कॉटलंडमधील स्कॉट-हार्ट या अभ्यासाने दाखवून दिले आहे. २०१८ मध्ये त्याचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले. छातीत दुखणाऱ्या ज्या रुग्णांच्या नेहमीच्या तपासणीला सीटीची जोड दिली होती, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के राहिले. ज्यांच्यात ही जोड नव्हती त्यांच्यात ते ३.९ टक्के होते.

पक्षाघाताच्या रुग्णात गरज वेगळी असते. तिथे प्रगत यंत्रापेक्षा दारापासून टेबलापर्यंतचा वेळ मोलाचा. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली की मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री स्कॅनने केल्याशिवाय ते देता येत नाही. आपल्या जिल्ह्यात पंढरपूरहून सोलापूर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर, करमाळ्याहून तर शंभराच्या कितीतरी वर. म्हणजे त्या साडेचार तासांतला मोठा भाग रस्त्यावरच जातो, आणि उरलेला केस पेपर काढण्यात, पैसे भरण्यात आणि स्ट्रेचर मिळवण्यात जाऊ नये अशी व्यवस्था रुग्णालयाने आधीच लावून ठेवावी लागते. रुग्ण निघाला असा फोन आला की टेबल मोकळे ठेवायचे, आधी स्कॅन, कागद नंतर. यासाठी नवे यंत्र लागत नाही, सगळ्यांनी मिळून घेतलेला एक निर्णय लागतो. इथे एक गैरसमजही दूर करावासा वाटतो. पक्षाघाताच्या पहिल्या काही तासांत साधा स्कॅन बहुधा नॉर्मल दिसतो. "स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे काही नाही" असे समजून रुग्णाला घरी नेणारे नातेवाईक मला भेटले आहेत. त्या नॉर्मलचा अर्थ रक्तस्राव नाही एवढाच असतो, आणि उपचाराची घाई करण्याचे तेच कारण असते.

श्वासाचा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण छाती-पोटाचे जितके स्कॅन बिघडतात त्यांतले बरेचसे श्वासामुळेच. यंत्रातून "श्वास घ्या, रोखून धरा" अशी आधी मुद्रित केलेली सूचना येते. नवे यंत्र येते तेव्हा ती इंग्रजीत किंवा हिंदीत असते. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू बोलणारी विणकरांची घरे आहेत, अक्कलकोटकडून कन्नड बोलणारी माणसे येतात. सत्तरीच्या एखाद्या आजी, आयुष्यात पहिल्यांदा त्या गोल कमानीत झोपलेल्या, अनोळखी भाषेतला आवाज ऐकून श्वास रोखण्याऐवजी दचकून "काय म्हणता?" असे विचारतात, आणि नेमक्या त्याच सेकंदांत स्कॅन होऊन जातो. बहुतेक यंत्रांत स्वतःच्या आवाजात सूचना भरता येतात. आमच्या तंत्रज्ञांनी एका दुपारी मराठी, कन्नड आणि तेलुगूत त्या भरून घेतल्या, आणि टेबलावर घेण्याआधी रुग्णाकडून दोनदा सराव करून घ्यायला सुरुवात केली. पुन्हा स्कॅन करण्याची वेळ त्यानंतर क्वचितच आली.

सोलापूरचा उन्हाळा हा या विषयाचा स्वतंत्र अध्याय आहे. क्ष-किरणांच्या नळीत जी ऊर्जा ओतली जाते तिच्यातली सुमारे एक टक्काच किरणांत बदलते, बाकी सगळी उष्णता होते. ती वाहून नेण्यासाठी नळीभोवती तेल फिरते, आणि तेलातली उष्णता शेवटी खोलीबाहेर टाकावी लागते. बाहेर पारा चाळिशीच्या वर असताना एसी बंद पडला तर नळी तापून यंत्र स्वतःच थांबते, आणि रुग्ण अर्धवट स्कॅन होऊन टेबलावर पडून राहतो. नळी झिजणारी वस्तू आहे आणि ती बदलण्याचा खर्च लाखांत जातो. म्हणून पर्यायी एसी, विजेचा दाब कमी-जास्त झाला तरी तग धरणारी यूपीएस यंत्रणा आणि देखभालीचा करार यांची तजवीज यंत्राच्या किमतीबरोबरच करावी लागते. शिवाय रोज सकाळी, पहिला रुग्ण घेण्याआधी, तंत्रज्ञ नळी हळूहळू तापवतो आणि ठरल्या वेळी पाण्याने भरलेल्या गोल डब्याचा स्कॅन करतो. पाण्याचा आकडा शून्याच्या आसपास आला पाहिजे. तो सरकला असेल तर त्या दिवशीचे प्रत्येक निदान सरकलेल्या मोजपट्टीने केल्यासारखे होईल.

किरणांच्या मात्रेबद्दल लोकांच्या मनात भीती असते, आणि कधी कधी उलट अति निर्धास्तपणाही असतो. मोजमाप मिलिसिव्हर्टमध्ये करतात. जमीन, आकाश, अन्न यांतून माणसाला वर्षाकाठी जगभराच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतोच. डोक्याच्या एका सीटी स्कॅनमधून सुमारे २ आणि पोटाच्या स्कॅनमधून सुमारे ८ ते १० मिलिसिव्हर्ट मिळतो. छातीच्या साध्या एक्स-रेतून मात्र ०.१ किंवा त्याहूनही कमी. गरज असताना केलेल्या स्कॅनचा फायदा या धोक्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. पण डोकेदुखीची तक्रार आहे म्हणून दर सहा महिन्यांनी स्कॅन, किंवा सोनोग्राफीने भागणाऱ्या लहान मुलाच्या पोटदुखीला स्कॅन, हे योग्य नव्हे. नव्या यंत्रांत कमी किरणांतही स्वच्छ चित्र बनवणारी गणिते आहेत, अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारीही. परंतु मात्रा कमी करायची सेटिंग कोणीतरी प्रत्यक्ष बसवावी लागते. पाच वर्षांच्या मुलाचा स्कॅन मोठ्या माणसाच्या सेटिंगवर झाला तर चित्र सुंदरच येते, म्हणून चूक कोणाच्या लक्षात येत नाही. प्रत्येक स्कॅननंतर यंत्र मात्रेचा तक्ता देते. तो महिन्यातून एकदा तरी बसून वाचणे हे माझ्या मते नव्या यंत्राच्या विभागाचे पहिले कर्तव्य आहे. भारतात खोलीच्या आराखड्याची मंजुरी आणि यंत्र चालवण्याचा परवाना अणुऊर्जा नियामक मंडळ देते, आणि कर्मचाऱ्यांना मिळणारी मात्रा त्यांच्या छातीवरच्या टीएलडी बिल्ल्यावरून मोजली जाते.

यापुढची पायरी म्हणजे किरणांची नुसती संख्या न पाहता त्यांची ऊर्जाही ओळखणारी यंत्रे. दोन वेगवेगळ्या ऊर्जांवर स्कॅन केला तर एकसारखे पांढरे दिसणारे पदार्थ वेगळे ओळखता येतात. मुतखडा कॅल्शियमचा आहे की युरिक ॲसिडचा, हे त्यातून कळते. युरिक ॲसिडचा खडा बऱ्याचदा औषधाने विरघळतो, म्हणजे एका रुग्णाची शस्त्रक्रिया टळू शकते. त्याही पुढे आहे फोटॉन, म्हणजे क्ष-किरणांचे सुटे कण, एकेक करून मोजणारे सीटी. असे पहिले यंत्र सीमेन्स हेल्थिनियर्सने आणले आणि अमेरिकेच्या एफडीए या औषधे-उपकरणे नियामक संस्थेने सप्टेंबर २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. मंदिराची दानपेटी उघडल्यावर सगळी नाणी एकदम तराजूत घालून वजन करणे ही जुन्या संवेदकाची रीत. तिथे आलेल्या किरणांचा आधी प्रकाश होतो, मग त्या प्रकाशाची एकत्रित मोजणी होते. नवा संवेदक, जो कॅडमियम टेल्युराइडचा असतो, प्रत्येक नाणे हातात घेऊन त्याची किंमत पाहतो आणि मग मोजतो. त्यामुळे बारीक तपशील अधिक स्पष्ट येतो, मात्रा कमी करता येते, आणि रक्तवाहिनीतला कॅल्शियमचा थर फुगून दिसत नाही. हे यंत्र मोलाचे आहे. तरीही आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर हाताशी असलेल्या ६४ ओळींच्या यंत्राचा पूर्ण उपयोग होऊ लागणे, आणि ते रात्री दोन वाजताही चालू असणे, हे मला अधिक निकडीचे वाटते.

रात्रीच्या स्कॅनचे वाचन आता बऱ्याच ठिकाणी दूर शहरात बसलेले डॉक्टर इंटरनेटवरून करतात, आणि मेंदूतला रक्तस्राव ओळखून तो स्कॅन यादीत वर आणणारी संगणक प्रणालीही वापरात आली आहे. दोन्ही उपयोगी आहेत. पण वाचणारा कोणीही असो, त्याला रुग्ण दिसत नाही. त्याच्यापुढे फक्त चिठ्ठी असते. चिठ्ठीवर "सीटी ब्रेन" एवढेच लिहिले असेल तर तो शेकडो छेदांत काहीही शोधत राहतो. "सकाळी साडेसातपासून उजवा हात उचलत नाही, बोलणे अडखळते, रक्तदाबाच्या गोळ्या चालू" असे लिहिलेले असेल, तर तो थेट मेंदूच्या डाव्या बाजूच्या मधल्या रक्तवाहिनीकडे पाहतो, आणि तिथे तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी रेघ त्याला सापडते. ती रेघ म्हणजे गुठळी. स्कॅन तोच, यंत्र तेच.

रुग्णाच्या बाजूने करण्यासारखे थोडेच आहे, पण त्याने फरक पडतो. डाय द्यायची असेल तर किडनीची क्रिएटिनिनची तपासणी आधी करून आणावी. मधुमेहाच्या गोळ्या, विशेषतः मेटफॉर्मिन, चालू असल्यास सांगावे, आणि पूर्वी डायमुळे अंगावर गांधी उठल्या असतील तर तेही. गरोदरपणाची शक्यता असेल तर ते टेबलावर जाण्याआधी बोलावे. जुना स्कॅन असेल तर त्याची सीडी आणावी, कारण फुप्फुसातली एखादी लहान गाठ दोन वर्षांपूर्वीही तेवढीच होती, हे त्या सीडीवरून पाच मिनिटांत कळते आणि एरवी ते कळायला सुईने तुकडा काढण्यापर्यंत जावे लागू शकते.